सेवानिवृत्तीनंतरचे प्रयोजन आणि सामाजिक अनुबंध : खंडाळा तालुक्याच्या (जि. सातारा) संदर्भात एक विवेचन

सारांश

सेवानिवृत्तीचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने निवृत्तिवेतन, आरोग्य आणि निवारा या तीन अंगांनी केला जातो. ही तिन्ही अंगे महत्त्वाची असली, तरी निवृत्त व्यक्तीच्या जीवनात निर्माण होणारी पोकळी केवळ त्यांनी भरून निघत नाही. नोकरी संपते तेव्हा वेतनाबरोबरच 'आपली कोणीतरी वाट पाहत आहे' ही जाणीवही संपते. प्रस्तुत लेखात या जाणिवेचे स्वरूप स्पष्ट केले आहे. तसेच महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या उत्तरायुष्याचा आणि खंडाळा तालुक्यातील लोकसंस्थांचा विचार करून, निवृत्त व्यक्तीस मानापेक्षा नेमून दिलेल्या कामाची अधिक गरज असते, असे प्रतिपादन केले आहे. शेवटी ग्रामीण महाविद्यालयांना या बाबतीत काय करता येईल, याची दिशा सुचविली आहे.

बीजशब्द : सेवानिवृत्ती, प्रयोजन, सामाजिक अनुबंध, एकाकीपणा, ज्येष्ठ नागरिक, खंडाळा तालुका, महाविद्यालय व समाज.

प्रस्तावना

भारतीय समाजाची वयोरचना झपाट्याने बदलत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हेच प्रमाण ९.९ टक्के होते. शासनाच्या लोकसंख्या अंदाजानुसार २०३१ पर्यंत देशातील ज्येष्ठांचे प्रमाण १३ टक्क्यांच्या पुढे जाईल. वयाच्या साठाव्या वर्षी असलेल्या भारतीय व्यक्तीस सरासरी सुमारे १८ वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. याचा अर्थ असा की, निवृत्तीनंतरचा काळ हा आता आयुष्याच्या ग्रंथाला जोडलेले लहानसे परिशिष्ट राहिलेला नाही. तो बालपण आणि शालेय जीवन यांच्या एकत्रित लांबीएवढा एक स्वतंत्र कालखंड झाला आहे.

या कालखंडासाठी समाजाने कोणती तयारी केली आहे, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांना दोन कारणांनी जवळचा वाटावा. पहिले कारण असे की, हा प्रश्न त्यांच्याही वाट्याला ठरलेल्या तारखेला येणारच आहे. दुसरे असे की, ग्रामीण भागातील महाविद्यालय ही तरुण आणि ज्येष्ठ यांना एकत्र आणू शकणारी मोजक्या संस्थांपैकी एक संस्था आहे.

उद्दिष्टे व पद्धती

निवृत्तीमुळे व्यक्तीच्या जीवनातून नेमके काय वजा होते, हे स्पष्ट करणे. प्रयोजन आणि सामाजिक अनुबंध यांचा परस्परसंबंध उलगडणे. खंडाळा तालुक्याच्या संदर्भात उपलब्ध असलेल्या लोकसंस्थांचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे. आणि महाविद्यालयांसाठी व्यवहार्य सूचना मांडणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. लेखनासाठी दुय्यम साधनांचा आधार घेऊन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

'निवृत्ती' : शब्द आणि संकल्पना

मराठी भाषेत 'निवृत्ती' हा शब्द कार्यालयातून आलेला नाही. तो तत्त्वज्ञानातून आला आहे. प्रवृत्ती आणि निवृत्ती ही जोडी प्राचीन आहे. आश्रमव्यवस्थेतील वानप्रस्थाची कल्पनाही संसाराचा भार पुढच्या पिढीकडे सोपवून क्रमाक्रमाने मोकळे होण्याची आहे. तथापि या परंपरेत निवृत्ती म्हणजे निष्क्रियता नव्हे. संत निवृत्तिनाथांच्या नावातच हा शब्द आहे. गीतेचा अर्थ मराठीत आणण्याची प्रेरणा ज्ञानेश्वरांना ज्येष्ठ बंधू आणि गुरू या नात्याने त्यांनीच दिली, असे वारकरी परंपरा मानते. म्हणजे निवृत्तीचे एक काम धाकट्यांकडून मोठे कार्य घडवून घेणे हेही होते.

आधुनिक सेवानिवृत्ती मात्र वेगळ्या वाटेने आली. जर्मनीत १८८९ मध्ये चान्सलर बिस्मार्क यांच्या कारकिर्दीत वृद्धापकाळ विम्याचा कायदा झाला. त्यात सुरुवातीस ७० वर्षांची वयोमर्यादा होती व ती १९१६ मध्ये ६५ वर आणण्यात आली. हिंदुस्थानात ब्रिटिश अमदानीत १८७१ चा पेन्शन कायदा अस्तित्वात आला. पुढे ठराविक वयाला काम थांबणे ही गोष्ट प्रशासकीय नियमाने ठरू लागली. वानप्रस्थात मनुष्य हळूहळू मोकळा होत असे. सेवानिवृत्तीत तो एका दुपारी मोकळा होतो. महाराष्ट्र शासनाच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना वयाच्या ५८ व्या वर्षी हा अनुभव येतो. सकाळपर्यंत ज्याच्या सहीवाचून कागद पुढे सरकत नाही, त्याच्या सहीचे संध्याकाळी काही मोल उरत नाही. सर्व अडचणींचे मूळ या आकस्मिकतेत आहे.

निवृत्तीमुळे काय वजा होते?

निवृत्तीनंतर उत्पन्न घटते, ही बाब सर्वांच्या ध्यानात येते. त्याखेरीज आणखी चार गोष्टी नकळत वजा होतात. पहिली, वेळेची चौकट : शाळेची घंटा, गाडीची वेळ, साप्ताहिक सुटी. रविवारला अर्थ असतो तो सोमवारमुळे. सोमवार गेला की रविवारही जातो. दुसरी, जाण्याचे ठिकाण. तिसरी, न ठरवता भेटणारी माणसे : सहकारी, विद्यार्थी, चहावाला, एस.टी.चा वाहक. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपल्या गैरहजेरीची दखल घेतली जाणे. नोकरीत असलेली व्यक्ती एक दिवस न सांगता गैरहजर राहिली, तर तासाभरात चौकशी होते. ही चौकशी कित्येकदा त्रासदायक वाटते. परंतु तिच्यातच 'तुमच्यावाचून काही तरी अडले आहे' हा संदेश असतो. निवृत्त व्यक्ती आठ दिवस घराबाहेर पडली नाही, तरी कोठेही काही अडत नाही. प्रयोजन आणि सामाजिक अनुबंध या दोन गोष्टी येथे एकत्र येतात, कारण दुसऱ्याला आपली गरज असणे हेच बहुतेकांचे प्रयोजन असते.

समाजशास्त्रज्ञांनी या अवस्थेची निरनिराळी स्पष्टीकरणे दिली आहेत. एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या विलगतेच्या सिद्धांतानुसार, वृद्ध व्यक्ती आणि समाज परस्परांपासून हळूहळू दूर होणे हे स्वाभाविक आहे. रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांच्या क्रियाशीलतेच्या सिद्धांताने याउलट भूमिका घेतली. गमावलेल्या भूमिकांच्या जागी नव्या भूमिका मिळाल्यास समाधान टिकते, असे त्यात प्रतिपादन आहे. रॉबर्ट ॲचली यांनी १९८९ मध्ये सातत्याचा सिद्धांत मांडला. त्यानुसार माणसे वार्धक्यातही आपल्या जुन्या आवडी, सवयी आणि नाती पुढे चालू ठेवण्याचा प्रयत्न करतात. निवृत्तीच्या टप्प्यांचे ॲचली यांनी केलेले वर्णनही उद्बोधक आहे. सुरुवातीस मोकळेपणाचा आनंद, पुढे भ्रमनिरास, नंतर जीवनाची फेरमांडणी आणि अखेरीस स्थिरता, असा तो क्रम आहे. सत्कार, देवदर्शन आणि राहून गेलेली कामे यांत पहिले काही महिने सुखात जातात. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. तोपर्यंत निरोप देणारे सर्व जण आपापल्या कामाला लागलेले असतात.

एकटेपणा आणि एकाकीपणा

मराठीत 'एकटेपणा' आणि 'एकाकीपणा' हे दोन शब्द आहेत आणि त्यांतील भेद या विषयात उपयुक्त ठरतो. एकटेपणा ही बाह्य स्थिती आहे. ती मोजता येते. एकाकीपणा ही आंतरिक वेदना आहे. मुले परगावी असलेली व्यक्ती एकटी असूनही एकाकी नसू शकते. उलट तीन पिढ्यांच्या भरल्या घरात, प्रत्येकाच्या घाईच्या मधोमध बसलेली व्यक्ती एकाकी असू शकते. म्हणूनच 'आमच्याकडे एकत्र कुटुंब आहे, येथे हा प्रश्न नाही' हे ग्रामीण भागातील नेहमीचे उत्तर पुरेसे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक अनुबंध या विषयावर आयोग नेमला. जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी एकीला एकाकीपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखीम घटकांची यादी दिली. सामाजिक विलगतेबरोबरच श्रवणदोष आणि दृष्टिदोष यांचाही तीत समावेश आहे. हे घटक एकमेकांशी निगडित आहेत. ज्याला नीट ऐकू येत नाही, तो पारावरच्या गप्पांतून हळूहळू उठून जातो. लोक त्याला तऱ्हेवाईक म्हणतात. प्रत्यक्षात त्याला श्रवणयंत्राची गरज असते.

महर्षी कर्वे : एका प्राध्यापकाचे उत्तरायुष्य

निवृत्तीनंतरच्या प्रयोजनाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण एका महाविद्यालयीन अध्यापकाचे आहे. धोंडो केशव कर्वे (जन्म १८ एप्रिल १८५८) यांनी १८९१ ते १९१४ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन केले. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय ५८ वर्षांचे होते. आज ज्या वयाला शासकीय सेवकाच्या हाती निवृत्तीचा आदेश पडतो, त्याच वयात त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या कार्यास आरंभ केला. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ नंतर, या विद्यापीठाच्या कार्याची माहिती देण्यासाठी आणि निधी जमविण्यासाठी त्यांनी युरोप, अमेरिका, जपान असा दीर्घ प्रवास केला. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली आणि १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला. १९५८ मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण होत असताना, त्यांना भारतरत्न प्रदान करण्यात आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

या चरित्राकडे केवळ आदराने पाहून थांबले, तर त्यातून फारसे हाती लागत नाही. असामान्य पुरुषाचे उदाहरण सामान्य निवृत्तास प्रेरणा देण्याऐवजी खजीलही करू शकते. त्यातील यंत्रणा समजून घेणे अधिक उपयुक्त आहे. पहिली बाब अशी की, निवृत्तीनंतरचे काम कर्वे यांनी निवृत्तीनंतर शोधले नाही. विधवांसाठीचा आश्रम त्यांनी १८९६ मध्येच, अध्यापन चालू असताना, सुरू केला होता. वर उल्लेखिलेला सातत्याचा सिद्धांत येथे प्रत्यक्ष दिसतो. दुसरी बाब, त्यांच्या प्रत्येक कार्यात ठराविक माणसे त्यांची वाट पाहत होती : विद्यार्थिनी, सहकारी, वर्गणीदार. तिसरी बाब, ते संस्था एकट्याच्या बळावर पेलत बसले नाहीत. त्यांनी ती सहकाऱ्यांच्या हाती सोपवली आणि स्वतः नव्या, लहान कामाकडे वळले. विद्यापीठाच्या संस्थापकाने अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यातील प्राथमिक शाळेचा विचार करावा, यात पदाच्या उतरंडीचा हव्यास दिसत नाही. या तीनही गोष्टी सामान्य माणसाच्या आवाक्यातील आहेत.

खंडाळा तालुका : निवृत्तांचे निरनिराळे प्रवाह

येथे अभिप्रेत असलेला खंडाळा पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्यावरचा नव्हे. हा सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा, नीरा नदी आणि खंबाटकी घाट यांच्या दरम्यानचा तालुका होय. शिरवळ आणि लोणंद ही त्यातील मोठी गावे आहेत. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यात आहे. पुणे-बंगळूर महामार्ग तालुक्यातून जातो आणि त्याच्या आधाराने शिरवळ, केसुर्डी परिसरात औद्योगिक वसाहत वाढली आहे. अशा तालुक्यात 'सेवानिवृत्त' हा शब्द एकाच प्रकारच्या माणसाला लागू पडत नाही. किमान पाच प्रवाह वेगळे करता येतात.

पहिला प्रवाह शिक्षक, ग्रामसेवक, बँक व शासकीय कर्मचारी यांचा. यांना निवृत्तिवेतनाचा आधार असतो. मात्र राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर दाखल झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू झाली नाही, त्यामुळे पुढील पिढीची चिंता निराळी आहे. दुसरा प्रवाह मुंबईहून परतलेल्यांचा. सातारा जिल्ह्यातील असंख्य माणसे गिरणीत आणि बाजारपेठांतील माथाडी कामात आयुष्य घालवून गावी आली. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर कित्येकांवर निवृत्ती अवेळीच कोसळली. चाळीस वर्षे 'मुंबईकर' म्हणून यात्रेला येणारा माणूस कायमचा गावी येतो, तेव्हा घर त्याचे असते, परंतु गावातील रोजच्या व्यवहारात त्याची जागा उरलेली नसते. तिसरा प्रवाह सैनिकांचा. साध्या जवानाची सेवा चाळिशीच्या आसपासच संपते, त्यामुळे त्याच्यापुढे निवृत्तीनंतरचा काळ सेवाकाळाहून मोठा असतो.

चौथा प्रवाह शेतकऱ्यांचा. रूढ अर्थाने शेतकरी निवृत्त होत नाही. नांगर सुटला तरी बांधावर बसून राखण करणे, बियाणे निवडणे, जनावरांना वैरण टाकणे, पाण्याची पाळी सांभाळणे अशी वयानुरूप हलकी होत जाणारी कामे शेतीत असतात. वानप्रस्थातील क्रमाक्रमाने मोकळे होणे शेतीत आपोआप साधते. औद्योगिक वसाहतीसाठी जमीन गेली की हा क्रम तुटतो. मोबदला मिळतो, मुलाला कदाचित कारखान्यात कामही मिळते. परंतु वृद्ध शेतकऱ्याचे बांधावरचे काम परत मिळत नाही. भूसंपादनाच्या चर्चेत दर, क्षेत्र आणि नोकरी यांचा हिशेब होतो, या हानीचा होत नाही.

पाचवा प्रवाह स्त्रियांचा असून तो वरील सर्वांना छेद देणारा आहे. गृहिणीला निवृत्तीचे वय नाही. निवृत्त शिक्षिकेच्या बाबतीत तर नोकरी संपते आणि घरकाम, नातवंडे, आजारी माणसांची शुश्रूषा यांचा वाटा वाढतो. पती निवृत्त होऊन दिवसभर घरी राहू लागला की तिच्या दुपारच्या मोकळ्या वेळेवरही मर्यादा येते. शेजारणींचे येणे कमी होते. त्यामुळे ज्येष्ठांचे कार्यक्रम सकाळी सात वाजता ठेवणाऱ्यांनी, त्या वेळी स्त्रिया कोठे असतात, याचा विचार करणे आवश्यक आहे.

लोकसंस्थांचे सामर्थ्य : विण्याचा पहारा

या तालुक्याला एक मोठा वारसा लाभला आहे. आषाढी वारीत संत ज्ञानेश्वरांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंद येथे मुक्कामी येते. वारीचा विचार श्रद्धेच्या अंगाने नेहमी होतो. सामाजिक रचना म्हणूनही ती अभ्यासण्याजोगी आहे. दिंडीत प्रत्येकाला जागा ठरलेली असते. विणेकरी, पखवाजी, टाळकरी, तुळस व पाण्याचा हंडा घेतलेल्या स्त्रिया, स्वयंपाकाची व तंबूची व्यवस्था पाहणारे, अशी ही कामांची वाटणी असते. पंचाहत्तर वर्षांच्या वारकऱ्याला तेथे कोणी 'आजोबा, तुम्ही बसा' असे म्हणून बाजूला काढत नाही. त्याची रांगेतील जागा त्याचीच असते आणि तो दिसला नाही तर शेजारचा त्याला शोधतो.

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात हेच तत्त्व अधिक नेमकेपणाने आढळते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा दंडक असतो. त्यासाठी पहाऱ्याची यादी लावली जाते. उत्तररात्री ज्याचा पहारा आहे, तो न आल्यास आधीच्या माणसाला वीणा खाली ठेवता येत नाही; त्याला ताटकळत उभे राहावे लागते. म्हणून निवृत्त पोस्टमन असो वा माजी हमाल, त्या ठराविक वेळेला त्याची खरोखर कोणीतरी वाट पाहत असते. प्रयोजन आणि अनुबंध यांना एकत्र बांधणारी याहून साधी व्यवस्था सांगता येणे कठीण आहे. तिचे तीन घटक आहेत : नेमून दिलेले काम, ठरलेली वेळ आणि वाट पाहणारा दुसरा माणूस.

या व्यवस्थेच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. सप्ताह सात दिवसांत संपतो आणि वारी वर्षातून एकदा येते. विण्याचा मान पुष्कळ ठिकाणी पुरुषांकडेच राहतो. सर्वांचीच श्रद्धा एक नसते. अन्य धर्मीय वा निरीश्वरवादी निवृत्ताला येथे सहज प्रवेश मिळत नाही. म्हणून या संस्थांची नक्कल करण्यापेक्षा त्यांतील तत्त्व वर्षभराच्या, सर्वांना खुल्या असलेल्या व्यवहारात आणणे हा खरा प्रश्न आहे.

मान आणि काम

ज्येष्ठांसाठी शासकीय व सामाजिक पातळीवर काहीच झाले नाही, असे म्हणता येणार नाही. केंद्राचे ज्येष्ठ नागरिकविषयक राष्ट्रीय धोरण १९९९ मध्ये आले आणि माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा २००७ मध्ये झाला. महाराष्ट्राने २०१३ मध्ये स्वतःचे धोरण जाहीर केले. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील व्यक्तींना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसारख्या साधनांसाठी ३,००० रुपयांचे साहाय्य ठेवण्यात आले. '१४५६७' ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी आहे. राज्यातील ज्येष्ठ नागरिक संघांचा 'फेस्कॉम' हा महासंघ १९८० च्या दशकापासून कार्यरत आहे. बसची सवलत आणि श्रवणयंत्र या बाबी वरवर किरकोळ दिसतात. परंतु माणसांत जाणे आणि माणसांचे ऐकू येणे यांवरच सामाजिक अनुबंध उभा असतो.

तरीही बहुतेक उपक्रमांत ज्येष्ठ व्यक्ती ही घेणारी किंवा सन्मान स्वीकारणारी असते, करणारी नसते. १ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. मान मिळतो आणि तो सुखावतोही. परंतु २ ऑक्टोबरच्या सकाळी त्या व्यक्तीने कोठे जायचे, याचे उत्तर शालीत नसते. मान ही भूतकाळाची पावती आहे, काम हे उद्याचे निमंत्रण आहे. विरंगुळा केंद्रांचेही असेच. ती आवश्यक आहेत, पण तेथे न गेल्याने कोणाचे काही अडत नसेल, तर जाण्याची ऊर्मीही हळूहळू ओसरते.

येथे विरुद्ध बाजूचाही विचार करावयास हवा. प्रत्येक निवृत्ताने कार्यमग्न राहिलेच पाहिजे, असा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. चाळीस वर्षे पाठीवर पोती वाहिलेल्या माणसाला स्वस्थ बसण्याचा पूर्ण अधिकार आहे. विलगतेच्या सिद्धांतात जो सत्यांश आहे, तो हाच. आवश्यक आहे ती निवडीची संधी. स्वस्थ बसणे हे निवडलेले असावे, लादलेले नसावे.

पिढ्यांमधील संघर्षाचा प्रश्न

निवृत्तांना काम द्यावे, असे म्हणताच दुसरा प्रश्न उभा राहतो. जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर सेवानिवृत्त शिक्षकांना मासिक २०,००० रुपये मानधनावर तात्पुरते नेमण्याचा निर्णय शासनाने घेतला, तेव्हा डी.एड., बी.एड. झालेल्या बेरोजगार तरुणांनी त्यास तीव्र विरोध केला. हा विरोध समजून घेण्यासारखा आहे. ज्या तालुक्यात पदवीधर तरुण कंत्राटी कामासाठी कारखान्यांच्या दारात उभा असतो, तेथे ज्येष्ठांचे प्रयोजन तरुणांच्या भाकरीतून कापून काढता येणार नाही. म्हणून मंजूर पद आणि सामाजिक भूमिका यांत स्पष्ट भेद करणे आवश्यक आहे. वेतन असलेली जागा तरुणांची. ज्या कामासाठी कोणतेही पद निर्माण होणार नाही, पण जे झाल्यावाचून समाजाचे नुकसान होते, ते काम ज्येष्ठांचे, अशी विभागणी करता येईल. निवृत्तिवेतन नसलेल्या ज्येष्ठांना मात्र प्रवासखर्च व अल्प मानधन दिले पाहिजे. अन्यथा सेवाभावाच्या नावाखाली गरिबाचे श्रम फुकट घेतल्यासारखे होईल.

महाविद्यालयाची भूमिका

जगात यासंबंधी काही प्रयोग झाले आहेत. फ्रान्समधील तुलूज येथे १९७३ मध्ये 'तिसऱ्या वयाचे विद्यापीठ' सुरू झाले व ही कल्पना पुढे अनेक देशांत पसरली. आपल्याकडे विद्यापीठांत आजीवन अध्ययन व विस्तार विभाग आहेत आणि महाविद्यालयांत १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. नव्या यंत्रणेची वाट न पाहता पुढील गोष्टी करता येतील.

१. कौशल्य नोंदवही : परिसरातील निवृत्त व निवृत्तीस एक वर्ष उरलेल्या व्यक्तींची नोंद ठेवावी. 'आपण कोणत्या पदावर होता?' यापेक्षा 'आपल्याला काय करता येते आणि आठवड्यातील कोणता वेळ देता येईल?' हे प्रश्न विचारावेत.

२. स्थानिक इतिहासाचे संकलन : नीरा उजव्या कालव्याने बदललेली शेती, महामार्ग, औद्योगिक वसाहतीपूर्वीची गावे, मुंबईतील गिरणगावाच्या आठवणी यांचे जिवंत साक्षीदार आज तालुक्यात आहेत. विद्यार्थ्यांनी ठरलेल्या वारी त्यांच्याकडे जाऊन ध्वनिमुद्रण करावे. प्रत्येक ज्येष्ठासाठी एकच विद्यार्थी नेमल्यास वाट पाहणारा माणूस दोन्ही बाजूंना निर्माण होतो.

३. साक्षरता : 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात (२०२२-२०२७) स्वयंसेवकांची गरज असते. निवृत्त शिक्षक-शिक्षिकांना एकेका प्रौढ शिकाऊ व्यक्तीची जबाबदारी देता येईल. फुले दांपत्याने १८५५ मध्ये शेतकरी व कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. नायगावच्या परिसरात या कामाला वेगळे औचित्य आहे.

४. ज्ञाननिर्मिती : शेजारच्या वाई येथून मराठी विश्वकोशाचे कार्य चालते. विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांद्वारे नोंदींचे लेखन व अद्ययावतीकरण होते. निवृत्त प्राध्यापकांचा व्यासंग अशा कामी लागू शकतो.

५. श्रवण व दृष्टी तपासणी : ग्रामीण रुग्णालयाच्या सहकार्याने वर्षातून एकदा तपासणी घेऊन पात्र व्यक्तींचे योजनांचे अर्ज विद्यार्थ्यांनी भरून द्यावेत.

६. चौकशीची व्यवस्था : उपक्रमास न आलेल्या व्यक्तीची दोन दिवसांत घरी जाऊन वा दूरध्वनीने चौकशी व्हावी. जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांना हेच दूरध्वनीचे काम सोपवावे, म्हणजे अंथरुणाला खिळलेली व्यक्तीही कोणाच्या तरी यादीत देणारी म्हणून राहील.

७. स्त्रियांची सोय : उपक्रमांचे वेळापत्रक स्त्रियांना विचारून, शक्यतो दुपारी ठेवावे.

या उपक्रमांचे यश कार्यक्रमांच्या संख्येवर किंवा अहवालातील छायाचित्रांवर ठरवू नये. कोणी गैरहजर राहिल्यास किती दिवसांत कोणाच्या लक्षात आले, हा एकच निकष पुरेसा आहे.

निष्कर्ष

सेवानिवृत्तीने व्यक्तीच्या जीवनातून वेळेची चौकट, ठिकाण, माणसे आणि गैरहजेरीची दखल या गोष्टी एकदम वजा होतात. प्रयोजन आणि सामाजिक अनुबंध यांना स्वतंत्र उपायांची गरज नाही. जेथे नेमून दिलेले काम, ठरलेली वेळ आणि वाट पाहणारा माणूस असतो, तेथे दोन्ही एकत्र निर्माण होतात. महर्षी कर्वे यांच्या चरित्रातून या कामाची पेरणी नोकरीत असतानाच करावी लागते, हे दिसून येते. दिंडी आणि सप्ताह यांतून ही रचना विद्वान वा धनवान नसलेल्यांनाही सहज पेलते, हे स्पष्ट होते. जमीन गेलेला शेतकरी, मुंबईहून परतलेला कामगार आणि घरकामातून कधीच न सुटणारी स्त्री यांचा समावेश केल्याशिवाय निवृत्तीचा कोणताही विचार खंडाळ्यासारख्या तालुक्यात पूर्ण होणार नाही. महाविद्यालयाने यासाठी मोठी इमारत उभारण्याची आवश्यकता नाही. पहाऱ्याची एक यादी लावावी, तीत ज्येष्ठांची नावे लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे वेळ घालावी, एवढ्यापासून आरंभ करता येईल.